युद्धाची रिळं इंग्रजांसाठी, बातमीपट स्वतंत्र भारतासाठी: कोण होते एझ्रा मीर?

ज्यांनी सिंगल स्क्रीन टॉकीजचा जमाना पाहिलाय, त्यांना हे नक्की आठवेल. तिकीट काढून अंधारात खुर्ची शोधायची आणि पडद्याकडे पाहावं तर सिनेमाचा पत्ताच नाही. तिथे कुठलं तरी धरण, कुठला तरी पूर, पंतप्रधानांचा दौरा, शेवटी थोडं क्रिकेट. सगळं ब्लॅक अँड व्हाईट आणि मागून एक भारदस्त आवाज. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या थिएटरांत अनेक जण ही दहा मिनिटं बाहेर चहा पिऊन काढायचे आणि मगच आत शिरायचे.

सिनेमाआधी सरकारी रीळ दाखवण्याची ही सक्ती स्वतंत्र भारताने सुरू केली, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात ती १९४३ मध्ये ब्रिटिश सरकारने, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणली. त्या वेळी मुंबईत बसून सरकारसाठी माहितीपट तयार करणाऱ्या युनिटचा प्रमुख एक भारतीय होता. इंग्रज गेल्यावर दहा वर्षांच्या आत तोच माणूस भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचा मुख्य निर्माता झाला. त्यांचं नाव एझ्रा मीर.

कोलकात्याचे एडविन मायर्स

मीर यांचा जन्म १९०३ मध्ये कोलकात्यातल्या एका ज्यू कुटुंबात झाला. मूळ नाव एडविन मायर्स. बगदादकडून व्यापारासाठी आलेल्या ज्यू कुटुंबांची कोलकात्यात तेव्हा मोठी वस्ती होती. मूकपटांच्या काळात भारतीय पडद्यावर दिसलेल्या कितीतरी नायिकाही याच समाजातल्या होत्या.

तरुणपणी त्यांना नाटकाची गोडी लागली. १९२० च्या दशकात त्यांनी थेट अमेरिका गाठली, आधी न्यूयॉर्क आणि मग हॉलिवूड. सुरुवात अभिनयाने झाली, पण हळूहळू ते पडद्यामागे सरकले आणि संकलनाच्या, म्हणजे एडिटिंगच्या कामात शिरले. त्यांच्या पुढच्या आयुष्यात हीच गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

भारतात परतले तेव्हा बोलपट नुकताच जन्माला येत होता. अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीचा 'आलम आरा' मार्च १९३१ मध्ये लागला. त्याच वर्षी त्याच कंपनीसाठी मीर यांनी 'नूरजहाँ' केला. पुढच्या वर्षी आलेला 'झरीना' चुंबनदृश्यांमुळे गाजला आणि त्यावर टीकाही झाली. तीसच्या दशकभर ते असे सिनेमे करत राहिले. १९४० साल आलं नसतं तर सिनेमाच्या इतिहासात त्यांची नोंद बहुधा दोन ओळींची असती.

कापायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

पुढची गोष्ट कळायला थोडं तंत्र समजून घेतलेलं बरं. मोबाईलवर आपण व्हिडिओ बोटाने ट्रिम करतो. तेव्हा संकलकाच्या हातात खरोखरची कात्री असायची.

३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात आणि पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी पळतात. म्हणजे एका मिनिटाला ९० फूट फिल्म लागते. हजार फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटं चालतं. आज इन्स्टाग्रामवर दीड मिनिटाचं जे 'रील' आपण सहज सरकवून टाकतो, ते त्या हिशेबात १३५ फूट लांब भरेल. फिल्म जिथे जोडायची तिथला रासायनिक थर खरवडायचा, विशिष्ट सिमेंट लावायचं, दाबून धरायचं. एक दृश्य नकोसं झालं की ते पुन्हा हाताने सोडवायचं. त्या काळची फिल्म नायट्रेटची होती. ती भडकन पेट घ्यायची, म्हणून संकलनाच्या खोलीत सिगारेट पेटवणं म्हणजे जीवावरचा खेळ.

सिनेमाच्या संकलकाला निदान पटकथा तरी असते. बातमीपटाच्या संकलकाकडे तीही नसते. कॅमेरामनने जे टिपलं ते डबे उघडून पाहायचं, त्यातून दीड-दोन मिनिटांची बातमी उभी करायची आणि तीही पुढच्या आठवड्याच्या आत, कारण शिळी बातमी कोण बघणार? भारतात आणखी एक अडचण होती. एकच चित्रफीत इंग्रजी, हिंदुस्तानी, बंगाली, तमिळ आणि तेलुगू अशा पाच भाषांत जायची. प्रत्येक भाषेत वाक्याची लांबी वेगळी. तमिळमध्ये निवेदन संपेपर्यंत पडद्यावरचं जहाज निघून जाता कामा नये, आणि इंग्रजीत ते उगाच रेंगाळताही कामा नये. म्हणजे पाचही आवाज बसतील असा एकच कट काढायचा. (मराठी त्या पाचांत नव्हती. सगळा कारभार मुंबईतून चालत असूनही.)

१९४०: सरकारला सिनेमावाले हवे झाले

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं आणि भारतातल्या नेत्यांना न विचारताच व्हाइसरॉयनी भारतही युद्धात असल्याचं जाहीर केलं. सैन्यभरती, युद्धकर्ज, धान्य, कापड अशा सगळ्यासाठी लोकांचं सहकार्य लागणार होतं. बहुसंख्य जनता निरक्षर असलेल्या देशात त्यासाठी सिनेमाइतकं सोयीचं साधन नव्हतं.

१९४० मध्ये सरकारने फिल्म अ‍ॅडव्हायझरी बोर्ड स्थापन केलं. अध्यक्ष होते वाडिया मूव्हीटोनचे जे. बी. एच. वाडिया. फॅसिझमचा पराभव आधी, बाकी सगळं नंतर, या एम. एन. रॉय यांच्या भूमिकेचे ते पाठीराखे होते. निर्मितीसाठी लंडनहून अलेक्झांडर शॉ यांना आणलं गेलं. ते माहितीपटातले जाणकार, पण भारत त्यांना नवा होता आणि वर्षभरातच ते परतले. त्यांच्यानंतर ही जबाबदारी आली कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांच्याकडे. 'कुंकू', 'माणूस' आणि 'शेजारी' करणारे शांताराम काही काळ सरकारी युद्धपटांचे मुख्य निर्माते होते, ही गोष्ट मराठी वाचकांना सहसा माहीत नसते. १९४२ मध्ये त्यांनी प्रभात सोडून राजकमलची उभारणी केली आणि बोर्डाच्या कामातूनही ते बाहेर पडले.

मीर बोर्डाच्या कामात सुरुवातीच्या काळापासून होते. त्यांच्या पहिल्या लघुपटांपैकी 'द व्हॉइस ऑफ सेटन'चा विषय होता जर्मन रेडिओचा प्रचार. शांताराम गेल्यावर निर्मितीची सूत्रं त्यांच्या हाती आली.

इथे प्रश्न पडतोच. 'चले जाव'ची घोषणा झाली, गांधीजी, नेहरू आणि हजारो कार्यकर्ते तुरुंगात गेले, आणि याच सुमारास एक भारतीय दिग्दर्शक इंग्रजांच्या प्रचारयंत्रणेचा प्रमुख होतो, हे कसं? त्या काळात अनेकांनी याकडे सरळसरळ सरकारची चाकरी म्हणून पाहिलं. पण मीर ज्यू होते, हे विसरून चालणार नाही. हिटलरच्या जर्मनीत ज्यूंचं काय चाललं होतं, याच्या बातम्या येत होत्या. अशा माणसाला हे युद्ध फक्त साम्राज्याचं वाटणं शक्यच नव्हतं. एकाच वेळी दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि त्यातली कुठलीही एक पुसून टाकली तर हा माणूस कळत नाही.

सक्ती कशी आली?

१९४३ मध्ये बोर्ड गुंडाळून सरकारने थेट आपल्या अखत्यारीत दोन युनिटं उभी केली. एक इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया, म्हणजे माहितीपटांचं. दुसरं इंडियन न्यूज परेड, म्हणजे दर आठवड्याच्या बातमीपटाचं. पहिल्याचे प्रमुख एझ्रा मीर.

बोर्डाच्या काळात थिएटरवाले या फिल्म दाखवायला नाखूश असायचे. प्रेक्षक कंटाळतात, शेरेबाजी करतात आणि वरून वेळ जातो, ही त्यांची तक्रार. मग सरकारने डिफेन्स ऑफ इंडिया रूल्समध्ये ४४-अ हा नियम घातला. प्रत्येक खेळाला सरकारमान्य फिल्म दाखवणं बंधनकारक झालं, मर्यादा होती दोन हजार फूट, म्हणजे साधारण २२ मिनिटं. गंमत अशी, की ही फिल्म फुकट मिळत नव्हती. थिएटरमालकाने तिचं भाडंही द्यायचं होतं!

दुसरीकडे कच्च्या फिल्मचा तुटवडा होता. परदेशातून येणारा साठा सरकार परवान्यावर वाटू लागलं. सिनेमांच्या लांबीवरही मर्यादा आली. युद्धकार्याला मदत करणारा सिनेमा काढला तर परवाना मिळणं सोपं जायचं. म्हणजे थिएटरचा वेळ आणि स्टुडिओची फिल्म, दोन्हीच्या चाव्या सरकारच्या खिशात.

औरंगाबाद तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि संस्थानाचे कायदे वेगळे होते. पण मुंबई, पुणे, नाशिक, नागपूरच्या प्रेक्षकांना या सक्तीतून सुटका नव्हती.

या काळात मीर यांच्या देखरेखीखाली दीडशेहून अधिक छोटे माहितीपट झाले. सगळे काही तोफा आणि रणगाड्यांचे नव्हते. हस्तकला, नृत्य, शेती, नारळाचं झाड असेही विषय होते. युद्धाच्या पैशातून का होईना, पण भारतात पहिल्यांदाच कॅमेरामन, संकलक, ध्वनिमुद्रक, निवेदक यांची माहितीपट करणारी कायमची फौज तयार झाली. त्याआधी हे काम हौशी आणि एकटेदुकटे लोक करत. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १९०१ मध्ये रँग्लर परांजप्यांच्या स्वागताचं चित्रीकरण केलं, तेव्हापासून ही परंपरा होती. पण पगारी यंत्रणा नव्हती.

जे दाखवलं नाही, त्याचं काय?

बातमीपटात काय आहे यापेक्षा काय गाळलं आहे, हे युद्धकाळात जास्त महत्त्वाचं ठरतं. १९४३ चा बंगालचा दुष्काळ हे त्याचं सगळ्यात भयंकर उदाहरण. लाखो माणसं मेली. पण त्या दुष्काळाचं खरं रूप देशासमोर आणलं ते सरकारी पडद्याने नव्हे, तर ऑगस्ट १९४३ मध्ये 'द स्टेट्समन' या दैनिकाने छापलेल्या छायाचित्रांनी. तेही ब्रिटिश मालकीचं दैनिक होतं, हे विशेष.

दुसरं उदाहरण मुंबईचंच. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला. जहाजात कापसाच्या गाठींसोबत सुमारे १,४०० टन स्फोटकं होती. शेकडो माणसं ठार झाली, गोदीतली इतर जहाजं बुडाली, आजूबाजूच्या वस्त्या जळाल्या आणि सोन्याच्या विटा लांबवर उडून पडल्या. अख्ख्या शहराने आवाज ऐकला होता. तरीही बातमीवर सेन्सॉर बसला. जगाला ती आधी कळली दुसऱ्या दिवशी जपानी ताब्यातल्या रेडिओ सायगॉनवरून. सविस्तर वृत्त छापायची परवानगी इथल्या पत्रकारांना मिळाली ती मे महिन्यात.

सुधीश घटक या कॅमेरामनने (दिग्दर्शक ऋत्विक घटक यांचे थोरले भाऊ) त्या आगीचं चित्रीकरण केलं होतं. लष्करी अधिकाऱ्यांनी ती फिल्म ताब्यात घेतली. त्यातला काही भाग पुढे बातमीपटात दिसला. मुंबईच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या अपघाताची दृश्यं, आणि ती लोकांनी कधी पाहायची हे ठरवणारा माणूस संकलनाच्या टेबलावर बसलेलाच नव्हता. सरकारी न्यूजरीलमध्ये शेवटची कात्री संकलकाची कधीच नसते.

१९४६: एका फटक्यात बंद

युद्ध संपलं. मध्यवर्ती कायदेमंडळात १९४६ चं अंदाजपत्रक आलं तेव्हा राष्ट्रवादी सदस्यांच्या डोळ्यांत ही दोन्ही युनिटं सलत होती. इंग्रजांची तळी उचलणारी यंत्रणा आपण का पोसायची? निधी कापला गेला. सक्तीचा नियमही युद्धाबरोबर संपला. इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया आणि इंडियन न्यूज परेड बंद पडले. माणसं पांगली, सामानही हातचं गेलं.

राग समजण्यासारखा होता. पण परिणाम सव्वा वर्षातच समोर आला. १५ ऑगस्ट १९४७ उजाडला तेव्हा तो क्षण टिपण्यासाठी भारत सरकारकडे स्वतःचं चित्रपट युनिटच नव्हतं. मध्यरात्रीची संविधान सभा, दिल्लीची गर्दी, तिरंगा, ही दृश्यं दर स्वातंत्र्यदिनाला आपण टीव्हीवर आणि यूट्यूबवर पाहतो. त्यातली बरीचशी खासगी आणि परदेशी न्यूजरील कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतून आलेली आहेत. फाळणीच्या काफिल्यांचंही तेच. ज्या देशात वर्षभरापूर्वी दर आठवड्याला पाच भाषांत बातमीपट निघत होता, त्या देशाला स्वतःच्या जन्माचं चित्रीकरण दुसऱ्यांकडून घ्यावं लागलं. प्रचाराचं यंत्र मोडताना नोंद ठेवणारं यंत्रही मोडलं गेलं, एवढाच या निर्णयाचा दोष. पण तो लहान नाही.

नव्या सरकारच्या हे लगेच लक्षात आलं. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन सुरू झाली. पहिले प्रमुख मोहन भवनानी. साप्ताहिक बातमीपट 'इंडियन न्यूज रिव्ह्यू' या नावाने परत आला, सुरुवातीला त्याच पाच भाषांत. मराठीसह इतर भाषांची भर नंतर पडली. आणि सक्तीही परत आली! १९४६ मध्ये जी गोष्ट गुलामीची खूण होती, ती आता थिएटरच्या परवान्याची अट झाली. दोन हजार फुटांची जुनी मर्यादा तशीच राहिली आणि थिएटरने उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास भाडं द्यायचं ठरलं. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला भारतात आला. ब्रिटिशांच्या सक्तीतून वाचलेल्या औरंगाबादच्या प्रेक्षकांच्या वाट्याला पुढे हा नवा बातमीपट आला.

मीर पुन्हा त्याच खुर्चीत

मधल्या वर्षांत मीर स्वतंत्रपणे काम करत होते. काश्मीरच्या पार्श्वभूमीवरचा त्यांचा 'पंपोश' हा गेवाकलरमधल्या सुरुवातीच्या भारतीय चित्रपटांपैकी एक. १९५६ मध्ये मात्र सरकारने त्यांना फिल्म्स डिव्हिजनचं मुख्य निर्मातेपद दिलं. इंग्रजांसाठी काम केलेला माणूस, हा शिक्का या नेमणुकीच्या आड आला नाही. हे काम दर आठवड्याला वेळेत कसं उरकायचं, हे माहीत असलेली माणसं देशात मोजकीच होती.

१९६१ पर्यंतची त्यांची कारकीर्द हा फिल्म्स डिव्हिजनचा बहराचा काळ मानला जातो. धरणं, पोलाद कारखाने आणि पंचवार्षिक योजनांचे माहितीपट तर निघतच होते. ते आज पाहिले तर बऱ्याचदा पाठ्यपुस्तकासारखे वाटतात, हे मान्य करायला हवं. पण त्याच काळात तिथे वेगळंही काही घडलं. कार्टून विभाग सुरू झाला. डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स इथे येऊन भारतीय चित्रकारांना अ‍ॅनिमेशन शिकवू लागले आणि १९५७ मध्ये जातककथेवरचा 'द बनियन डीअर' तयार झाला. जहांगीर भावनगरी यांनी पहाडी लघुचित्रांवर कॅमेरा फिरवून 'राधा अँड कृष्णा' केला. स्थिर चित्रांतून हालचाल उभी करणं हे निव्वळ संकलनाचं कौशल्य आहे आणि अशा प्रयोगाला सरकारी कार्यालयात जागा मिळाली, याचं श्रेय त्या वेळच्या प्रमुखाला द्यावंच लागेल.

साप्ताहिक बातमीपट मात्र साच्यातच राहिला. उद्घाटनं, पाहुणे, भाषणं. सरकार बदललं तरी सरकारी बातमीची चाल फारशी बदलत नाही, हे मीर यांनी दोन्ही बाजूंनी पाहिलं.

निवृत्तीनंतर त्यांनी मुलांच्या चित्रपटांसाठीही काम केलं. १९७० मध्ये पद्मश्री मिळाली. भारतीय माहितीपटाचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. १९९३ मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर दूरदर्शन घराघरांत पोचलं होतं आणि केबलवर चोवीस तास बातम्या सुरू झाल्या होत्या.

मुंबईत पेडर रोडवरच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारातल्या गुलशन महलमध्ये २०१९ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. खुद्द फिल्म्स डिव्हिजन आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली आहे.

१९४३ ची ती सक्ती मात्र मीर यांच्यानंतरही टिकली. थिएटरमालक तिच्या विरोधात थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. स्वतःच्या पडद्यावर सरकारची फिल्म दाखवायला लावणं हा अभिव्यक्तीवर घाला आहे आणि वर भाडं घेणं अन्याय आहे, असा त्यांचा दावा होता. १९९९ मध्ये निकाल लागला. थिएटरमालक हरले.